गोव्याची आर्थिक कोंडी: सहा वर्षांत काय साधलं?

व्यापार तोडला की समोरचं सरकार वाकतं का, या चर्चेत रशिया आणि इराणची नावं हमखास निघतात. आपल्या दाराशी झालेला प्रयोग मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक जण मारले गेले. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, पण सैन्य पाठवायला नेहरू राजी नव्हते. मग हाती राहिली आर्थिक कोंडी. लोंढ्याहून मुरगावला जाणारी रेल्वे तुटली, सीमेवरची मालाची ये-जा थांबली, घरी पैसे पाठवण्यावर बंधनं आली.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने दुसरी दारं उघडली. १९५५ मध्येच दाभोळीचा विमानतळ सुरू झाला आणि तिथून कराचीला विमानं जाऊ लागली. घाटावरचा बटाटा बंद झाला तर हॉलंडचा बटाटा बाजारात आला. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून. या सगळ्याला पैसा पुरवला खाणींनी. गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला जात होतं, मुरगाव बंदर भारताच्या हाती नव्हतं, आणि नेमक्या याच वर्षांत खाणधंदा भरभराटीला आला. परदेशी माल इतका आला की चोरवाटांनी तो भारतात उतरू लागला.

झळ बसली ती साध्या गोवेकरांना. मुंबईत धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहात, राहून बोटीवर नोकरी करणाऱ्याचा पैसा हा गावाकडच्या घराचा आधार होता, आणि त्याच पैशाची वाट अवघड झाली. ज्यांना मुक्त करायचं त्यांच्याच चुलीवर घाव घालणारं हे धोरण मला तरी चुकीचं वाटतं. लिस्बनमधल्या सत्तेला त्याचा ओरखडाही उठला नाही.

शेवटी १९६१ मध्ये भारतानेच निर्बंध उठवले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला सैन्य गोव्यात शिरलं आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. सहा वर्षांत जे झालं नाही ते दोन दिवसांत झालं.

म्हणून बहिष्कार नेहमीच वाया जातो, असं मात्र मी म्हणणार नाही. वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच, तोही स्वातंत्र्याआधी, १९४६ मध्ये. आपल्या एकट्याच्या बंदीने तिथलं सरकार हललं नाही, कारण ब्रिटन आणि अमेरिकेचा व्यापार चालूच होता. १९८५ मध्ये चित्र बदललं. अमेरिकी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांना मुदतवाढ नाकारली, तिथलं चलन रँड कोसळलं आणि परकीय कर्जांची परतफेड थांबवण्याची पाळी त्या सरकारवर आली. तिथल्या बड्या उद्योगपतींनी त्याच वर्षी झांबियात जाऊन वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या, बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांची भेट घेतली.