स्टेल्व्हिओ खिंड

स्टेल्व्हिओ खिंड : उत्तर इटलीतील, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेली आल्प्समधील एक खिंड. इटालियन नाव पासो देल्लो स्टेल्व्हिओ, जर्मन नाव श्टिल्फ्झर योख. ओर्टलर (३,९०५ मी.) या हिमशिखराच्या पश्चिमेस, दक्षिण टिरोलमधील प्राद आणि लोंबार्डीतील बोर्मिओ यांच्या दरम्यान ती आहे. येथून जाणारा घाटरस्ता रस्त्यावरील सायकलिंगसाठी जगभर ओळखला जातो. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या स्टेल्व्हिओ राष्ट्रीय उद्यानातून तो जातो.

खिंडीची उंची २,७५७, २,७५८ व २,७६० मी. अशी वेगवेगळी दिली जाते; अलीकडील लेखनात पहिला आकडा रूढ होत आहे. पूर्व आल्प्समधील डांबरी खिंडींत ती सर्वांत उंच ठरते, याबद्दल दुमत नाही. संपूर्ण आल्प्सचा विचार केला तर फ्रान्समधील इझेरां खिंड (२,७६४ मी.) थोड्या फरकाने पहिली येते. फ्रान्समधीलच बोनेत येथील रस्ता २,८०२ मी.पर्यंत चढतो, पण तो खिंडीच्या वर शिखराभोवती घातलेला वळसा आहे. प्रत्यक्ष खिंड २,७१५ मी.वर आहे. ऑस्ट्रियातील झ्योल्डनचा हिमनदीकडे जाणारा रस्ता याहून उंच असला तरी तो डोंगर ओलांडत नाही. ‘सर्वांत उंच’ या बिरुदावरून होणारे बहुतेक वाद खिंड आणि रस्ता यांत फरक न केल्यामुळे होतात.

मूळ वाटेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्ययुगात बोर्मिओहून उत्तरेकडे जाणारे व्यापारी व लमाण स्टेल्व्हिओपेक्षा शेजारची, सुमारे २५० मी.ने ठेंगणी उम्ब्राइल खिंड (२,५०१ मी.) वापरत आणि स्वित्झर्लंडमधील म्युस्टाइर खोऱ्यात उतरत, असे दिसते. सतराव्या शतकात लोंबार्डीतील व्हाल्तेल्लिना खोऱ्याच्या ताब्यावरून झालेल्या संघर्षात मिलान व टिरोल यांच्या दरम्यान जाणारी ऑस्ट्रिया व स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्याची सैन्ये स्टेल्व्हिओवरून गेली, असे काही ठिकाणी म्हटले आहे. परंतु ‘वोर्मझर योख’ हे जुने नाव मुख्यतः उम्ब्राइलला लावले जाई, आणि या दोन खिंडी एकमेकींपासून जेमतेम तीन किमी. अंतरावर आहेत. त्यामुळे जुन्या उल्लेखांतील बरीचशी ये-जा उम्ब्राइलची असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. नेपोलियनच्या काळातही येथे गाडीरस्त्याचा विचार झाला होता, पण तो कागदावरच राहिला.

रस्त्याला खरी चालना मिळाली ती १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेमुळे. लोंबार्डी ऑस्ट्रियाकडे गेली आणि परक्या भूमीवर पाऊल न ठेवता मिलान व इन्सब्रुक जोडणारा मार्ग साम्राज्याला हवा झाला. उम्ब्राइलची सोपी वाट स्विस हद्दीतून जात असल्याने ती बाद ठरली. स्प्ल्यूगेनच्या घाटरस्त्याचे काम करणारे ब्रेशियाचे अभियंते कार्लो दोनेगानी (१७७५–१८४५) यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. बांधकामाचा काळ सामान्यतः १८२०–२५ असा दिला जातो. काही लेखक आरंभ १८२२ मानतात. आखणी व मोजणी धरायची की प्रत्यक्ष खोदकाम, यावर ते अवलंबून आहे. १८५९ मध्ये लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या हातून गेली आणि रस्त्यामागचे मूळ कारणच उरले नाही. पहिल्या महायुद्धात येथे इटली व ऑस्ट्रिया यांची आघाडी होती. खिंडीलगतच्या द्रायश्प्राखेनश्पिट्झ (२,८४३ मी.) या टेकाडावर तेव्हा इटली, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या तिन्ही देशांच्या सीमा मिळत. युद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीत आले आणि खिंड पूर्णपणे इटलीच्या हद्दीत गेली.

सायकलस्वारांना या घाटाचे जे विशेष आवडते ते दोनेगानींच्या काळच्या घोड्यांमुळे आले आहे. तोफा आणि टपालगाड्या ओढणाऱ्या जनावरांना झेपेल इतकाच चढ ठेवायचा, तर उभ्या कड्यावर रस्ता वारंवार उलटा वळवण्याखेरीज इलाज नव्हता. प्रादकडील चढ २४.३ किमी. लांब असून सुमारे १,८०८ मी. उंची गाठतो, सरासरी ७.४ टक्के. बोर्मिओकडील चढ २१.५ किमी., १,५३३ मी. आणि ७.१ टक्के आहे. आकडे भयंकर वाटले तरी चढ बऱ्यापैकी एकसारखा आहे. जवळच्या मोर्तिरोलो घाटावर सायकल जवळजवळ उभी करणारे टप्पे लागतात, तसे येथे नाहीत. एकदा लय सापडली की ती टिकवता येते, आणि दमछाक होते ती लांबीने व विरळ हवेने.

वळणांची मोजणी हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. प्रादच्या बाजूला ४८ वळणे असून त्यांवर क्रमांकांचे दगड आहेत, त्यामुळे तो आकडा पक्का. बोर्मिओच्या बाजूला मात्र बोगद्यांलगतची व अर्धवट वळणे धरायची की नाही यावर संख्या बदलते. म्हणून दोन्ही बाजू मिळून ७५ पासून ८० च्या बऱ्याच पुढेपर्यंत आकडे छापलेले आढळतात. प्रादकडील क्रमांक उलटे आहेत. ४८ चा दगड खाली ट्राफोय गावाच्या अलीकडे लागतो, तर १ चा माथ्याशी. फ्रान्झेन्सह्योए या ठिकाणाच्या (सुमारे २,१९० मी.) आसपास झाडी संपते आणि उरलेली वीसेक वळणे दगडी बांधांवर एकावर एक रचलेली एकदम नजरेस पडतात. वळणाच्या बाहेरच्या कडेने गेल्यास चढ क्षणभर सौम्य होतो, आतल्या कडेने तो चांगलाच अंगावर येतो. अनुभवी स्वार म्हणून बाहेरची रेषा धरतात. वरून बस येत असेल तर तो हक्क सोडावा लागतो, कारण तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो.

श्रमाचा अंदाज गणिताने येतो. स्वार, सायकल व सामान मिळून ८० किग्रॅ. वजन प्रादहून दोन तासांत माथ्यावर न्यायचे तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सरासरी १९७ वॉट शक्ती लागते. टायरचे घर्षण व हवेचा विरोध मिळून त्यात सुमारे दहा टक्क्यांची भर पडते. हौशी स्वाराला ही गती दोन तास टिकवणे सोपे नाही. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) व मागे ३२ दातांचे स्प्रॉकेट (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) लावून मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सुमारे ९.४ किमी. पडतो, म्हणजे चढाला अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी कमी असतो. तापमानही पायथ्यापेक्षा साधारण १२ अंशांनी उतरते. घामाने भिजलेल्या अंगाने तसेच खाली सुटणे धोक्याचे. विंडचीटर व पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात नसतील तर दहाव्या वळणाला ब्रेक दाबणे अवघड होते.

जिरो दितालिया या इटलीतील अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत हा घाट प्रथम १९५३ मध्ये आला. बोल्झानो ते बोर्मिओ हा शेवटून दुसरा टप्पा होता आणि एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला मिळणारी गुलाबी जर्सी स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटकडे होती. इटलीच्या फाउस्तो कोप्पीने १ जून रोजी स्टेल्व्हिओवर त्याला मागे टाकले आणि १ मिनिट २९ सेकंदांच्या फरकाने आपला पाचवा जिरो जिंकला. हल्ला करण्यापूर्वी कोप्पीने सहकारी एत्तोरे मिलानो याला कोब्लेटचे डोळे पाहून यायला सांगितले, अशी कथा प्रचलित आहे; तिचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. कोप्पीच्या मृत्यूनंतर (१९६०) जिरोतील सर्वांत उंच माथ्याला ‘चिमा कोप्पी’ हा किताब देण्याची प्रथा १९६५ मध्ये सुरू झाली, ती स्टेल्व्हिओपासूनच. त्या वर्षी बर्फामुळे टप्पा माथ्याच्या अलीकडेच संपवावा लागला. १९७५ च्या जिरोची सांगता खिंडीवरच झाली आणि फाउस्तो बेर्तोल्यो विजेता ठरला. १९८० मध्ये फ्रान्सच्या बेर्नार इनोने येथे प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून गुलाबी जर्सी मिळवली. टप्पा मात्र त्याचा सहकारी ज्याँ-रने बेर्नोदो याने जिंकला. २०१२ मध्ये माथ्यावर संपलेला टप्पा बेल्जियमच्या थॉमस दे गेंटकडे गेला.

मे महिन्याच्या अखेरीस होणाऱ्या शर्यतीसाठी हा घाट तसा बेभरवशाचाच. २०१३ चा टप्पा हवामानामुळे पूर्ण रद्द झाला. २०१४ मध्ये तोच मार्ग पुन्हा घेतला गेला, तेव्हा धुक्या-बर्फातील उतारावर शर्यत थांबली आहे की नाही याबाबत गोंधळ उडाला आणि कोलंबियाचा नैरो किंताना पुढे निघून गेला. उलट २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे जिरो ऑक्टोबरात ढकलला गेला, तरी घाट उघडा मिळाला.

रस्ता सामान्यतः मेअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबर खुला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः शनिवार-रविवारी, मोटारसायकलींची गर्दी असह्य होते. सकाळी लवकर निघणे बरे. उन्हाळ्याच्या अखेरीस एक दिवस घाट मोटारींना बंद ठेवून केवळ सायकलींसाठी खुला केला जातो. प्रादची बाजू छायाचित्रांत अधिक दिसते. बोर्मिओकडून चढणाऱ्याला ब्राउलिओ ओढ्याची घळ आणि काही अरुंद, ओले बोगदे लागतात, तेथे दिवा हवाच.

प्रादहून चढून, बोर्मिओच्या दिशेने थोडे उतरून उम्ब्राइलमार्गे सांता मारिया आणि तेथून म्युस्टाइर व तटबंदीच्या ग्लुर्न्स गावावरून परत प्राद, हा फेरा विशेष लोकप्रिय आहे. म्युस्टाइरचा सेंट जॉन मठ १९८३ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. उम्ब्राइलच्या स्विस रस्त्यावरील मातीचा शेवटचा पट्टा २०१५ मध्ये डांबरी झाला, तेव्हापासून अरुंद टायरच्या सायकलींनाही हा उतार सोयीचा झाला. मुक्काम बोर्मिओला ठेवल्यास गाव्हिया (सुमारे २,६२० मी.), मोर्तिरोलो (१,८५२ मी.) आणि कान्कानो तलावांकडे जाणारा चढ हे सर्व एकेका दिवसात करता येतात.