गाडी स्टॉल होते तसं विमान होत नाही

सोलापुरात होटगी रोडवर, आसरा चौकाच्या अलीकडे माझ्या मावसभावाचं दुचाकीचं गॅरेज आहे. मागे एकदा तिथं चहा पीत बसलो होतो आणि मोबाइलवर कुठल्यातरी जुन्या विमान अपघाताचा व्हिडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, “विमान स्टॉल झालं.” भावानं कार्बोरेटर पुसता पुसता निकाल देऊन टाकला, “इंजिन बंद पडलं बे, दुसरं काय. माझ्याकडं रोज चार गाड्या येत्यात तसल्या.”

गाडीच्या दुनियेत त्याचं बरोबरच आहे. क्लच झटक्यात सोडला की गाडी आचका देऊन बंद, त्याला स्टॉल म्हणतात. पण वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतो तेव्हा तो इंजिनाबद्दल बोलतच नसतो, पंखाबद्दल बोलत असतो. इंजिन बंद पडणं आणि पंख स्टॉल होणं हे त्याच्या लेखी दोन वेगळे धोके आहेत. माझ्या मते दुसरा जास्त घातकी, कारण तो चटकन ओळखू येत नाही.

पंखाचं आधी बघू. प्लायवूडचा तुकडा आडवा धरून कधी गाडीवर मागे बसला असाल, तर अर्धं तुम्हाला कळलेलंच आहे. तुकड्याची पुढची कड जराशी वर झाली की तो हातातून वर उचलायला बघतो. तीच कड आणखी वर केली की उचलणं संपतं आणि तो तुम्हालाच मागे ओढायला लागतो. विमानाच्या पंखाचंही असंच. हवेशी त्याचा कोन थोडा असेल तोवर हवा वरच्या बाजूला चिकटून वाहते आणि पंखाला वर उचलते. कोन साधारण १५ अंशांच्या आसपास गेला की हवा पाठ सोडते, तिथं नुसते भोवरे उरतात, आणि उचलणारा जोर एकदम घसरतो. हाच स्टॉल. इंजिन तेव्हा पूर्ण ताकदीनं गरजत असलं तरी पंखाला त्याचं काही नाही.

आता उलट बाजू. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानातलं एक गेलं, तरी उरलेल्या एकावर ते चढू शकेल अशीच त्याची घडण असते. दोन्ही गेली तरी ते दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. मोठं जेट एक किलोमीटर उंची खर्चून साधारण १५ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे ३५,००० फुटांवर, सोलापूरच्या डोक्यावर दोन्ही इंजिनं थंड पडली, तर शंभरेक किलोमीटरवरचं कलबुर्गी हिशेबात येतं. आपल्याकडे विमान आणि धोका म्हटलं की इतकी वर्षं चिमणीच आठवायची. पाखरू नव्हे, विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत येणारी. ती जून २०२३ मध्ये पाडली. पण खरी पाखरंही इंजिनाला भारी पडतात. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत रानहंस शिरले. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण होते, सगळे वाचले. इंजिनं गेली होती, पण पंख शेवटपर्यंत काम करत होते.

त्याच वर्षी १ जूनला नेमकं उलटं घडलं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए३३०, रात्र, अटलांटिकवर ढगांची गर्दी. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले आणि ऑटोपायलट सुटला. सहवैमानिकानं दांडी मागे ओढली, म्हणजे नाक वर केलं, आणि पुढेही ओढतच राहिला. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढलं, पंख स्टॉल झाले. एकदा तर ‘स्टॉल, स्टॉल’ असा इशारा सलग ५४ सेकंद वाजत होता. पुढे वेगाचे आकडे इतके खाली गेले की संगणकानं ते अग्राह्य धरले आणि इशारा थांबला. नाक थोडं खाली केलं की तो परत सुरू व्हायचा. योग्य गोष्ट केली की ओरडा आणि चुकीची केली की शांतता, अशा वेळी माणसानं काय समजावं? साडेतीन मिनिटांत विमान समुद्रात गेलं. २२८ माणसं गेली. दोन्ही इंजिनं अखेरपर्यंत चालू होती.

स्टॉलवरचा उपाय ऐकायला सोपा आहे: नाक खाली करा, कोन कमी करा, हवा परत पंखाला चिकटेल. पण जमीन अंगावर येताना दांडी पुढे ढकलणं मनाला पटत नाही, हात आपोआप मागे ओढतो. म्हणून विमानच आधी सावध करतं. सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्या एटीआर जातीच्या पंख्यांच्या विमानात स्टॉल जवळ आला की वैमानिकाच्या हातातला दांडा खडखड थरथरायला लागतो.

दोन्ही धोके एकात एक अडकतात तेव्हा खरी पंचाईत. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत उड्डाणानंतर एका एटीआरच्या उजव्या इंजिनाची ताकद गेली. वैमानिकानं गडबडीत धडधाकट डावं बंद केलं. वेग घटला, पंख स्टॉल झाले आणि विमान नदीत पडलं. ५८ पैकी ४३ जण दगावले.

शब्दाचा घोळ आणखी एका ठिकाणी आहे. जेट इंजिनाच्या आत हवा दाबणारी छोटी पाती असतात, आणि तीही स्टॉल होतात. धाडकन आवाज, कधी मागून ज्वाळा. ही पाती म्हणजे बारके पंखच. त्यांच्यावरचीही हवा तशीच सुटते.

हे सगळं मी भावाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, आणि इंजिन खरंच बंद पडलं तर? वर धक्का कोण मारणार?”

हवा मारते. २४ जून १९८२ ला जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं बंद पडली. नाक खाली करून विमान राखेखाली उतरलं, समोरून येणाऱ्या वाऱ्यानं पाती फिरतच होती, आणि एकेक करून इंजिनं पुन्हा पेटली.

“म्हणजे उतारावर गिअर टाकून चालू केल्यासारखं,” तो म्हणाला, आणि पुढची गाडी स्टँडवर लावली.