पार्श्वभूमी : खात्याची जबानी वर्गात कशी आली

न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. आज वर्गात बसणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, म्हणून परत आलेल्यांच्या तोंडूनच तो दिवस ऐकवायची पद्धत आता रुळली आहे. त्यासाठी वापरले जाणारे बरेचसे कागद मात्र शाळेसाठी तयार झालेलेच नाहीत.

ऐकीव गोष्टी आठवणींत मिसळण्याआधी त्या टिपून ठेवाव्यात, असं तेव्हाच्या दलप्रमुखांनी ठरवलं. ऑक्टोबर २००१ ते जानेवारी २००२ दरम्यान जवान आणि पॅरामेडिक मिळून ५०३ जणांचं बोलणं टेप झालं; सुमारे १२,००० पानं भरली. सुरुवात ठरलेली: आजची तारीख, वेळ, विचारणाऱ्याचं नाव. पुढे प्रश्न.

याला मौखिक इतिहास म्हणतात. ही विद्याशाखा त्याच शहरातल्या एका विद्यापीठात १९४८मध्ये उभी राहिली. तिथे माणसाला त्याच्या गतीने बोलू देतात. इथे विचारणाराही त्याच खात्याचा. माझ्या मते ही जबानीच आहे, भले सांगताना कुणाचा गळा दाटून आला असेल.

खरा वाद पेटला तो हे कागद खुले करण्यावरून. एका वर्तमानपत्राने ते मागितले, शहराने नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. काही मृतांचे नातेवाईकही मागणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. शहराचं म्हणणं, हा खात्याचा अंतर्गत दस्तऐवज आहे, त्यात खासगी दुःख आहे. २००५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: घडलेलं द्या, मतं, शिफारशी आणि सांगणाऱ्याला फार क्लेश होईल असा मजकूर वगळता येईल. ऑगस्टमध्ये कागद बाहेर आले. पण ‘काय चुकलं’ हे जवानाचं मत ठरतं की अनुभव? ही कात्री मला आजही खटकते.

वर्गात त्याचे परिणाम दिसतात. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी दक्षिण मनोरा ९:५९ला कोसळला, उत्तर १०:२८ला. मधल्या २९ मिनिटांत उत्तर मनोऱ्यातल्या अनेकांना शेजारचा पडल्याचं कळलंच नव्हतं. ‘सांगितलं कसं नाही?’ हा मुलांचा हमखास प्रश्न. जिन्यात अडकलेल्या जवानाच्या कथनात त्याचं उत्तर सापडत नाही. याच इमारतींत १९९३च्या बॉम्बस्फोटावेळीही वायरलेसने दगा दिला होता. ते दुसऱ्याच कागदांत आहे.