गळाबाहेरचं आमिष

कार्प माशाच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात ते घशात, कल्ल्यांच्या मागे: चपट्या दाढा, दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळींत, आणि त्यांच्या वर कवटीच्या तळाशी एक कडक गादी. गोगलगाय, शिंपला, मक्याचा दाणा, जे काही या दाढांच्या तावडीत सापडेल त्याचा भुगा होतो. पुढे जठर नाही. घशातून उतरलेलं अन्न थेट आतड्यात जातं. काय गिळायचं आणि काय टाकायचं याचा निकाल त्यामुळे आधीच, तोंडात लावावा लागतो, आणि कार्पचं तोंड नेमकं त्याच कामासाठी घडलेलं आहे.

हा मासा तळाच्या गाळात तोंड खुपसतो, ओठांची नळी करतो आणि चिखल, वाळू, अळ्या, काडीकचरा असं सगळं एकदम आत ओढतो. टाळूला एक जाड, मांसल, हलता अवयव असतो आणि त्यावर रुचिकलिकांची दाटी असते. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात फर्डिनंड सिबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात खाणाऱ्या कार्पचं क्ष-किरण चित्रण केलं, तेव्हा आतला व्यवहार दिसला. खाण्याजोगा कण टाळू आणि तोंडाचा तळ यांच्यात चिमटून धरला जातो, बाकीचा गाळ कल्ल्यांवाटे निघून जातो. शंका आली तर सगळंच बाहेर फुंकायचं आणि पुन्हा ओढायचं. भात खाताना दाताखाली येण्याआधीच जिभेला खडा कळावा, तसंच हे. फक्त कार्प हे दिवसभर, घासागणिक करत असतो.

हाच मासा आपल्याकडच्या धरणांत ‘सायप्रिनस’ म्हणून ओळखला जातो. तो मूळचा इथला नाही: १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणि १९५७ मध्ये बँकॉकहून त्याची आणखी एक जात भारतात आणली गेली. रोहू-कटला त्याचेच भाऊबंद. आपण त्याचं कालवण करतो. पश्चिम युरोपात मात्र कार्प पकडायचा, ओल्या गादीवर ठेवून वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. वीस किलोचा मासा सोडून देणं कोकणातल्या माणसाला पचायला जड जाईल. पण या सोडून देण्यातूनच हा सगळा खेळ उभा राहिला आहे. सोडलेला मासा वाढतो, आणि शिकतोही.

दरवर्षी हजारो ब्रिटिश गळवाले कार्पसाठी फ्रान्सला जातात. निघण्यापूर्वी त्यांच्यात ज्या चर्चा झडतात त्यातल्या निम्म्या चवीवर असतात: स्ट्रॉबेरी की अननस, मासळीची पूड की मसाला. मला हा क्रमच उलटा वाटतो. आमिष कार्पने तोंडात घेणं फार अवघड नाही, तो येता-जाता काहीही तोंडात घेऊन बघतो. अवघड आहे ते त्याला थुंकू न देणं.

पूर्वी आमिष गळावर ओवायचे किंवा कणकेसारखं त्याभोवती थापायचे. त्यात अडचण अशी, की टाळूने चिमटल्या क्षणी आतलं लोखंड कळतं. शिवाय आमिषाने टोक झाकलेलं, त्यामुळे फुंकलं की गळ कुठेही न टोचता बाहेर. या पेचावर १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी तोड काढली. काचेच्या टाकीतल्या कार्पना खाताना पाहून ती सुचली, असं सांगतात. आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या मागे एक बारीक दोरा लोंबता ठेवायचा, सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस वापरत, आणि आमिष त्याला बांधायचं. गळ पूर्ण उघडा, टोक मोकळं. याला हेअर रिग, म्हणजे केसाची जोडणी म्हणतात, आणि त्या लोंबत्या दोऱ्याला केस.

ती बांधायची रीत बघण्यासारखी आहे. वीस-पंचवीस सेंटिमीटर वेणीचा दोरा घ्यायचा. एका टोकाला छोटा फास करून आमिषात सुईने ओवायचा आणि फासात प्लॅस्टिकची काडी अडकवायची, म्हणजे आमिष निसटत नाही. मग दोरा गळाच्या नेढ्यातून ओढून घ्यायचा, आमिष आणि गळाचा बाक यांत काही मिलिमीटर अंतर ठेवायचं, उरलेल्या दोऱ्याचे गळाच्या दांडीवर सात-आठ घट्ट वेढे मारायचे आणि टोक पुन्हा त्याच नेढ्यातून, पाठीकडून आत, गळाच्या टोकाच्या बाजूला बाहेर काढायचं. या शेवटच्या पायरीत खरी मेख आहे. दोरा टोकाच्या बाजूने बाहेर पडत असल्याने ताण आला की गळ कलतो आणि टोक खाली वळून खालच्या ओठाकडे जातं. आमिष आत, टाळूपाशी. गळ त्याच्यामागून आलेला. कार्प फुंकतो तेव्हा आमिष पुढे, गळ फरफटत मागे आणि टोक ओठात. पुढे यात आणखी सुधारणा झाली: केस दांडीवर सरकणाऱ्या बारीक कडीला बांधायचा. मासा फुंकतो तेव्हा आमिष कडीसकट दांडीवरून सरकून बाहेर जातं, गळ मात्र जागीच राहतो.

दुसरा भाग शिशाचा. नुसतं टोचून गळ रुतत नाही, जोर लागतो. म्हणून दोऱ्याला ८५ ते ११५ ग्रॅमचं वजन जवळपास पक्कं बसवतात. टोचताच कार्प दचकून पळतो, वजनाच्या जडत्वाचा हिसका बसतो आणि गळ रुततो. काठावरचा माणूस तेव्हा झोपलेला असला तरी चालतं, गजर वाजतो. मात्र मुख्य दोरा तुटला तर ते वजन माशाच्या तोंडाला लटकत राहता कामा नये. ते निसटून पडेल असा क्लिप लावणं आज बहुतेक तलावांवर सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट भौतिकशास्त्राची. मासा पाणी ओढतो तेव्हा त्या ओढीचा जोर तोंडापासून झपाट्याने कमी होतो. तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावर तो जवळजवळ संपलेला असतो. आजूबाजूचे सुटे दाणे या ओढीने अलगद उठतात, पण गळाला बांधलेला दाणा गळाच्या वजनामुळे जड. तो कमी उठतो, उशिरा उठतो. वारंवार पकडल्या गेलेल्या माशाला एवढा फरक पुरतो. म्हणून आमिषात बुचाचा तुकडा घालून गळाचं वजन जेमतेम फेडतात, म्हणजे ते बुडतं पण हलकंच. ही युक्ती जुनी आहे. १९५२ मध्ये इंग्लंडच्या रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा विक्रमी कार्प पकडला, तोही पावावर. त्यांच्या काळातले गळवाले पावाची बुडणारी लगदी आणि तरंगणारं कवच एकत्र लावून हाच तोल साधत.

आता शिकण्याबद्दल. डच संशोधक बेउकेमा यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं, की एकदा गळाला लागलेला कार्प नंतर दीर्घकाळ गळाला लागायचं टाळतो. एकच अनुभव पुरतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की स्वतः न लागता दुसऱ्याला लागताना ‘पाहणारे’ कार्पही सावध होतात. छोट्या, गजबजलेल्या खाजगी तळ्यांवर दर काही वर्षांनी नवी रिग निघते ती यामुळे. मोठ्या सार्वजनिक तलावांत एखाद्या माशाला आयुष्यात मोजक्याच वेळा गळ भेटतो. तिथे साधी, भक्कम हेअर रिग पुरेशी होते. नव्या रिगच्या मागे लागणारा माणूस बऱ्याचदा नव्या माशाऐवजी नव्या जाहिरातीच्या मागे असतो, असं माझं मत.

फ्रान्सच्या शांपेन भागातलं लाक द्यू देर-शांतकॉक घ्या. मार्न नदीचे पूर पॅरिसपर्यंत पोचू नयेत म्हणून बांधलेला हा जलाशय १९७४ मध्ये पूर्ण झाला. ४,८०० हेक्टर, पोटात बुडालेली तीन गावं आणि जंगलाचे बुंधे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो काठोकाठ असतो, शरदात रिकामा होत जातो, त्यामुळे जूनमधली जागा ऑक्टोबरमध्ये कोरडी पडलेली असते. इथे बारीक दोरा म्हणजे मासा गमावण्याची हमी. दक्षिणेला कान शहराजवळचं लाक द सँ-कासियाँ वेगळं: १९६० च्या दशकातलं धरण, सुमारे ४३० हेक्टर, भूमध्य सागराच्या हवेमुळे हिवाळ्यातही बेताचंच गार पाणी. ऐंशीच्या दशकात इथल्या अवाढव्य कार्पनी इंग्रज गळवाल्यांना इंग्लिश खाडी ओलांडायला लावलं.

पाण्याचं तापमान आमिषाचा मोठा भाग ठरवून टाकतं. कार्प थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याची चयापचय ढोबळमानाने निम्म्यावर येते. उन्हाळ्यात तो किलोकिलो खातो, थंडीत मूठभर आमिषाने पोट भरतं आणि ते पचायलाही वेळ लागतो. गार पाण्यात माशाचं तेल घट्ट होतं, त्याचा वास पसरत नाही. म्हणून तेलकट, मासळीच्या आमिषाचा हंगाम उन्हाळ्यातला; थंडीत पाण्यात विरघळणारं, हलकं आमिष. विरघळण्याचा मुद्दा चवीच्या नावापेक्षा फार महत्त्वाचा आहे, कारण माशाला चव पोचते ती पाण्यात सुटलेल्या छोट्या रेणूंमधून. मॉस्को विद्यापीठाचे अलेक्झांडर कासुम्यान यांनी एकेक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) घातलेल्या जेलीच्या गोळ्या कार्पला देऊन पाहिल्या. सिस्टीन आणि प्रोलीनच्या गोळ्या त्याने गिळल्या, काही आम्लांच्या थुंकून टाकल्या. अर्धवट पचवलेली प्रथिनं आमिषात घालतात ती याचसाठी. स्ट्रॉबेरीचा वास, मला वाटतं, मुख्यतः गिऱ्हाइकासाठी असतो.

बॉयली नावाचा जो गोळा सगळीकडे चालतो, तो पीठ, प्रथिनं आणि अंडं मळून उकळत्या पाण्यात टाकलेला. उकळताना अंड्यातली प्रथिनं गोठतात, वर कातडी धरते, छोट्या माशांना तो टोचून फोडता येत नाही. १९७० च्या दशकात फ्रेड विल्टन यांनी कार्पला पोषक आमिष द्यावं, त्याला त्याची सवय लागते, हा विचार रुजवला, आणि दुधातलं केसीन आमिषात आलं. तेच आता सीमेवर अडचणीचं झालंय: १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध किंवा मांस असलेले पदार्थ प्रवाशांना सामानातून नेता येत नाहीत. बरेच जण म्हणून आमिष फ्रान्समध्येच घेतात. परवाना तिथलाच लागतो. सार्वजनिक पाण्यावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने काठ्या उचलायच्या, खास मोकळीक दिलेला काठ असेल तरच रात्री बसायचं. आणि ६० सेंटिमीटरपेक्षा मोठा कार्प जिवंत वाहून नेणं हौशी गळवाल्यांना मना आहे. कार्पमध्ये पसरणाऱ्या कोय हर्पिस विषाणूमुळे जाळी आणि गादी कडक वाळवून नेण्याचा आग्रह धरतात.

दोऱ्याचं दुखणं काळ्या समुद्राकडून पसरलेल्या झेब्रा शिंपल्यांचं आहे. युरोपातल्या अनेक तलावांच्या तळाशी त्यांचे धारदार थर आहेत. कार्प तिथेच चरायला येतो, घशातल्या दाढा त्यासाठीच तर आहेत. आणि दोरा तिथेच कापला जातो. अशा जागी शेवटचे काही मीटर ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं तंगूस लावतात. ते दिसतं, जाड वाटतं, पण टिकतं.

फ्रान्समध्ये बॉयलीचे आणखी दोन शत्रू आहेत: अमेरिकेतून आलेला काळा, मिशाळ बुलहेड मासा आणि तिकडूनच आलेले क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे प्राणी. उकडलेली मऊ बॉयली ते कुरतडून संपवतात आणि आपण रिकाम्या गळाची राखण करत बसतो. उपाय म्हणजे हवेवर वाळवून टणक केलेल्या २४-३० मिलिमीटरच्या बॉयली, त्यांच्याभोवती बारीक जाळी, नाहीतर टायगर नट. हा नट म्हणजे आपल्या नागरमोथ्याच्या सख्ख्या चुलतभावाचा कंद, स्पेनमध्ये त्याचं दूध काढून पितात. तो चोवीस तास भिजवून, अर्धा तास उकळून, त्याच पाण्यात चिकट होईपर्यंत ठेवावा लागतो. कच्चा घातला तर माशाच्या आतड्यात फुगतो. लोक हा आळस करतात म्हणून अनेक तलावांवर टायगर नटना बंदी आहे, किंवा तलावावरचेच शिजवलेले विकत घ्यावे लागतात.

बंदी असेल तिथे उरतो प्लॅस्टिकचा मका. क्रेफिशला तो खाता येत नाही, भिजून तो मऊ पडत नाही, हवा तसा तरंगवता येतो. चव त्याला काहीही नाही. तरीही सुट्या खऱ्या मक्याच्या ढिगाऱ्यात, केसाला बांधलेल्या त्या दोन दाण्यांवर मोठमोठे कार्प लागतात: त्यांनी तो ओढला, टाळूने चाचपला, नापसंत केला आणि फुंकला, तोवर गळ ओठात बसलेला असतो.