नाकावाटे कवटीच्या तळाची दुरुस्ती : पार्श्वभूमी

अपघातानंतर नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकत असेल आणि रुग्णाने पुढे वाकताच तो वाढत असेल, तर कवटीच्या तळाचे हाड आणि त्यावरचे मेंदूचे आवरण दोन्ही फाटून मेंदूभोवतीचे पाणी गळत असल्याचा संशय घेतला जातो. ही फट 1926 साली प्रथम कवटी उघडून, मांडीतील चिवट पडद्याचा तुकडा लावून बुजवण्यात आली. पुढे कित्येक दशके हाच राजमार्ग होता, मात्र त्यात मेंदूचा पुढचा भाग उचलावा लागे आणि गंधाचे तंतू तुटून वास घेण्याची क्षमता अनेकदा कायमची जाई. 1948 मध्ये चेहऱ्यावरील छेदातून आणि 1952 मध्ये नाकातून दुरुस्ती झाली, तरी त्या अरुंद पोकळीत पुरेसे दिसत नसल्याने ती फारशी रुजली नाही.

1981 मध्ये नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने केलेल्या दुरुस्तीची नोंद झाली आणि चित्र पालटू लागले. 2000 मध्ये अनेक रुग्णमालिकांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात पहिल्याच प्रयत्नात गळती थांबण्याचे प्रमाण सुमारे 90 टक्के आढळले.

खरा वाद थांबायचे किती, हा आहे. अपघाताने सुरू झालेली गळती डोके उंच ठेवून विश्रांती घेतल्यास बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप थांबते, त्यामुळे सरसकट शस्त्रक्रिया करणे म्हणजे अनेकांना विनाकारण टेबलावर घेणे, असे एका बाजूचे म्हणणे आहे आणि ते निराधार नाही. परंतु गळती थांबली म्हणजे आवरण सांधले, असे होत नाही. कधी रक्ताची गुठळी, कधी सुजलेला मेंदूच त्या फटीत बसलेला असतो किंवा वरून केवळ नाकाची नाजूक त्वचा धरलेली असते, आणि अशा रुग्णाला वर्षांनंतरही मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर काही शल्यचिकित्सकांनी याच कारणासाठी थांबलेली गळतीही दुरुस्त करावी, असा आग्रह धरला होता. खबरदारी म्हणून प्रतिजैविके देण्याची सवय सर्वत्र होती, पण 2006 च्या आढाव्यात तिच्या उपयोगाला पुरेसा आधार सापडला नाही. वाट पाहण्याचा सल्ला मुळात कवटी उघडण्याच्या धोक्यांशी तुलना करून दिला गेला होता. नाकावाटे दुरुस्तीमुळे धोकाच बदलला असताना जुना हिशेब तसाच चालवणे पटण्याजोगे नाही.

मोठी भगदाडे मात्र रक्तपुरवठ्यापासून तोडून आणलेल्या मोकळ्या तुकड्यांना दाद देत नसत. 2006 मध्ये, अर्जेंटिनातील रोझारिओ येथे विकसित झालेली, नाकाच्या मधल्या पडद्यावरील त्वचा तिच्या रक्तवाहिनीसह वळवून आणण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. रक्तपुरवठा कायम असल्याने अशी वळवलेली त्वचा लवकर धरते. कपाळातील सायनसच्या मागच्या भिंतीचा उंचावरचा किंवा फार बाजूचा भाग मात्र नाकातून गाठणे अवघड असते, आणि तेथे आजही बाहेरून छेद घ्यावा लागतो.