अंबरनाथचे शिवालय

ठाणे जिल्ह्यात वालधुनी नदीच्या काठी असलेले, उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या काळातील शिवमंदिर. अंबरेश्वर या नावानेही ते ओळखले जाते. दख्खनमधील भूमिज शैलीच्या (शिखररचनेची एक पद्धत, तिचे वर्णन पुढे ‘रचना’मध्ये) ज्या थोड्या मंदिरांना शिलालेखाच्या आधाराने काळ देता येतो, त्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी आहे. त्यामुळे सिन्नरचे गोंदेश्वर किंवा झोडग्याचे माणकेश्वर अशा लेख नसलेल्या वास्तूंचा काळ ठरवताना अभ्यासक वारंवार अंबरनाथकडे येतात. मंदिर पूजेत आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

काळ व शिलालेख : मंदिराच्या काळाची सारी चर्चा उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस कोरलेल्या एका छोट्या लेखाभोवती फिरते. लेख अवघ्या काही ओळींचा आहे. त्यात शक वर्ष, महामंडलेश्वर (मांडलिक राजाची पदवी) माम्वाणिराज (इतर लेखांतील मुम्मुणि) याचे नाव, त्याच्या प्रधानांची व अधिकाऱ्यांची नावे आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या ‘भवना’चे काम पार पडल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासून ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०-६१, असल्याचे दाखवले.

एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षे मागे-पुढे होते, तेव्हा कोणते वाचन घ्यावे हे बाहेरच्या पुराव्यावर तपासावे लागते. शके ७८२ च्या सुमारास उत्तर कोकणात शिलाहार दुसरा कपर्दी राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून राज्य करत होता. कान्हेरीच्या लेण्यांतील त्याच्या काळचे लेख ही गोष्ट स्पष्ट करतात. त्या वेळी माम्वाणि नावाच्या राजाला जागाच उरत नाही. उलट छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा (इ.स. १०२६), मुम्मुणीचा ठाण्याचा ताम्रपट शके ९७० चा आणि पुतण्या अनंतदेव याचा खारेपाटणचा ताम्रपट शके १०१६ चा. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे भाऊ पाठोपाठ गादीवर आले. शके ९८२ हे वर्ष या क्रमात कोणतीही ओढाताण न करता बसते. आज भगवानलाल यांचेच वाचन सर्वमान्य आहे. जुन्या लेखनात नवव्या शतकाचा उल्लेख आढळला तर तो पहिल्या वाचनावरून आलेला असण्याची शक्यता धरावी.

वर्ष ठरले तरी लेखाचा अर्थ वादाचा राहिला. ‘भवन’ म्हणजे देवालय की राजवाडा, आणि काम म्हणजे नवी बांधणी, दुरुस्ती की अपुऱ्याची पूर्तता, यावर मते वेगवेगळी आहेत. लेख देवळाच्याच तुळईवर आहे, त्यामुळे राजवाड्याचा अर्थ घेणे अवघड जाते. छित्तराजाने काम सुरू करविले आणि धाकट्या भावाच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले, ही मांडणी सध्या अधिक ग्राह्य वाटते. मात्र लेखातील वर्ष हे पूर्ततेचे आहे. पाया केव्हा घातला गेला हे त्यावरून निघत नाही, म्हणून ‘बांधणी १०६०’ असे न म्हणता ‘अकराव्या शतकाचा मध्य’ म्हणणे अधिक काटेकोर. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले आणि उजाडल्यामुळे ते अपुरे राहिले, ही लोककथा महाराष्ट्रातील इतर अनेक जुन्या देवळांबद्दलही सांगितली जाते.

भूमिज शैलीचा उगम माळव्यात झाला की दख्खनमध्ये, या प्रश्नातही अंबरनाथ मध्यवर्ती आहे. माळव्यातील प्रमुख उदाहरण म्हणजे उदयपूर येथील परमार राजा उदयादित्याचे उदयेश्वर मंदिर. ते १०८० पर्यंत पूर्ण झाले. माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात भूमिज प्रासादांचे वर्णन येते, म्हणून उगम माळव्याकडे मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. अंबरनाथ उदयेश्वराच्या आधी पूर्ण झाले, एवढ्यावरून तो कल उलटत नाही. पण अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही शैली कोकणच्या किनारपट्टीपर्यंत पोचून चांगली मुरली होती, एवढे त्यातून निश्चित होते.

रचना : मंदिर काळ्या बेसॉल्ट दगडाचे व पश्चिमाभिमुख आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप (प्रवेशाचे छोटे मंडप) आहेत. आतला मंडप चौरस, सुमारे सात मीटर बाजूचा असून मध्ये चार नक्षीदार खांब आहेत. हे खांब जोडीजोडीने घडवलेले आहेत, आणि गाभाऱ्याकडची जोडी अधिक समृद्ध आहे. मंडप व गाभारा जोडणाऱ्या अंतराळातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. त्याची बाजू सुमारे चार मीटर आहे.

भूमिज शिखराची ओळख अशी : गाभाऱ्याच्या चारही भद्रांवरून (भिंतीच्या मध्यावरील पुढे आलेल्या भागांवरून) चार उभ्या, सलग नक्षीच्या पट्ट्या वर जातात. त्यांना लता म्हणतात. दोन लतांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या आकाराचे कूटस्तंभ आडव्या व उभ्या ओळींत रचलेले असतात. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. लतेच्या तळाशी सूरसेनक नावाची कमानदार जाळीसारखी नक्षी असते. खाली भिंतीचा आराखडा एकच चौरस केंद्राभोवती फिरवून मिळवतात. भद्रे जागेवर राहतात आणि त्यांच्या मधले कोन तिरके होतात, त्यामुळे तारकाकृती तयार होते. अंबरनाथला शिखराचा वरचा भाग आज नाही आणि गाभाऱ्यातून वर पाहिले तर आकाश दिसते. शिखर पडले की मुळात पुरे झालेच नाही, यावर एकमत नाही. जे थर उरले आहेत त्यांवरून लता व कूटस्तंभांची मांडणी मात्र नीट वाचता येते.

मंडपाचे छत (वितान) कमानीवर नाही. खालच्या कड्यापेक्षा वरचे कडे थोडे आत सरकवून, एकावर एक आडवे थर रचत गोल आवळत नेले आहेत. प्रत्येक दगडाचे आत झुकलेले टोक मागच्या बाजूच्या वजनाने तोलले जाते. म्हणून अशा छतावरचा भार निघाला, किंवा वरच्या सांध्यांत पिंपळाचे मूळ शिरून दगड हलला, की आतली कडी उघडू लागतात. या वर्गातील देवळांत छताची पडझड बहुधा अशीच होते, आणि गवंड्याने सांध्यांत सिमेंट भरल्याने ती थांबत नाही. पाणी आत अडकते आणि दगडाची सालपटे निघू लागतात.

शिल्पे : जोत्यापासून वर पाहत गेल्यास थरांचा क्रम लक्षात येतो : आडव्या घडणीचे थर, कीर्तिमुखांची (सिंहासारख्या उग्र मुखांची) ग्रासपट्टी, हत्तींचा गजथर, आणि त्यावर मूर्ती असलेली जंघा (भिंतीचा मुख्य उभा भाग). भद्रावरच्या देवकोष्ठांत (मूर्तींच्या कोनाड्यांत) मुख्य देवता, कोनांवर व मधल्या अंगांवर सुरसुंदरी (अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती), गण व इतर देवता. शिवाची अनेक रूपे, महिषासुरमर्दिनी, चामुंडा आणि ब्रह्मा यांच्या मूर्ती आहेत. शिल्पयोजना शैवसिद्धांत या शैव पंथाच्या मताला धरून असावी असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. काही कोष्ठे रिकामी व अनेक मूर्तींचे हात तुटलेले असल्याने संपूर्ण योजना सिद्ध करणे कठीण आहे.

येथे मूर्ती ओळखताना होणारी सर्वांत मोठी गफलत तीन मुखांची. ब्रह्म्याला चार मुखे असली तरी भिंतीवरच्या मूर्तीत मागचे मुख दिसत नाही, त्यामुळे तोही त्रिमुख दिसतो. शिवाचे महेशरूपही त्रिमुख. दाढी, स्रुक-स्रुवा (होमाच्या पळ्या), कमंडलू, पोथी आणि हंस असेल तर ब्रह्मा. सर्प, त्रिशूळ, कपाल (कवटी), नंदी, बाजूच्या मुखांपैकी एक उग्र असेल तर शिव. आयुधे तुटली असतील तर पायाशी पाहावे, कारण वाहन हातांपेक्षा जास्त टिकते. मांडीवर देवी असलेली येथील त्रिमुख मूर्ती शिव-पार्वतीची मानणे सयुक्तिक आहे. काही ठिकाणी ती सरसकट ‘त्रिमूर्ती’ म्हणून दिली जाते, ते टाळावे.

सन १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली येथे एक तुकडी पाठवून शिल्पांची रेखाटने व साचे करून घेतले. पश्चिम भारतातील मंदिरांच्या पद्धतशीर नोंदणीच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होय. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांनीही दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांच्या पाहणीत अंबरनाथची सविस्तर दखल घेतली.

दर्शन व पाहणी : अंबरनाथ रेल्वे स्थानक कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर आहे. मंदिर स्थानकाच्या पूर्वेस सुमारे दोन किलोमीटरवर असून चालत अर्ध्या तासात पोचता येते. महाशिवरात्रीच्या जत्रेला आणि श्रावणी सोमवारी गर्दी इतकी असते की दर्शन होते, पाहणी होत नाही. शिल्पांसाठी इतर कोणत्याही दिवशी सकाळी यावे.

दगड काळा असल्याने शिल्प दिसते ते प्रकाशापेक्षा सावलीमुळे. समोरून पडणाऱ्या उन्हात आणि फ्लॅशच्या उजेडात घडण सपाट होते. दक्षिण भिंत हिवाळ्यात दिवसभर उन्हात असते, आणि सूर्य तिला तिरका असताना, म्हणजे सकाळी व दुपार कलल्यावर, उठाव स्पष्ट होतो. उत्तर भिंतीवर सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन येतच नाही. ती पाहायची तर एप्रिल-मेमधील सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी. पश्चिमेचा मुखमंडप दुपारनंतर उजळतो. मंडपात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत काही मिनिटे थांबावे, मग आधी खांब आणि नंतर छत पाहावे. छतासाठी लहान दुर्बीण फार उपयोगी पडते.

शिवालयात सोमसूत्री प्रदक्षिणेचा संकेत आहे : अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जाऊन उलट फिरायचे. बाहेरची शिल्पे क्रमाने पाहताना भाविकांच्या वाटेत न येता भिंतीपासून थोडे दूर राहिले की दोन्ही साधते, शिवाय दूरवरून कोनांची मोडणी अधिक चांगली कळते. पावसाळ्यात जोते शेवाळते आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. अनवाणी उतरताना भिंतीचा आधार घ्यावा, मूर्तीचा घेऊ नये. तेल, शेंदूर आणि दूध दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, त्यावर धूळ धरते, आणि पुढे घासून काढताना घडणीच्या कडा जातात. बाहेरील मूर्तींना गंध-फूल वाहू नये याचे खरे कारण हे आहे. कोपऱ्यातील सुरसुंदरींचे गुडघे व हत्तींच्या सोंडा ज्या उंचीवर हात सहज पोचतो तिथे गुळगुळीत दिसल्या, तर ती झीज पावसाची नसून स्पर्शाची समजावी.

हे मंदिर युनेस्कोच्या वारसा यादीत असल्याचे सर्रास छापले जाते. जागतिक वारसा स्थळांच्या यादीत ते नाही.