फ्रेगेट बेटावरचा दयाळ

उन्हाळ्यात पहाटे पहाटे शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ आपल्या ओळखीचा. त्याचा एक चुलतभाऊ हिंदी महासागरात, सेशेल्स देशात राहतो. अंगाने चकचकीत काळा, पंखावर पांढरा पट्टा. फ्रेगेट बेटावर एखादं महाकाय कासव चालू लागलं की हा त्याच्या मागेमागे उड्या मारत निघतो. कासवाच्या पायांनी पालापाचोळा हलतो, दडलेले किडे बाहेर पडतात आणि याचं पोट भरतं.

१९६०च्या दशकात ही जात जगात फक्त याच बेटावर उरली होती, जेमतेम डझन-दीड डझन पक्षी. नारळासाठी जंगल तोडलेलं, त्यात माणसांनी आणलेली मांजरं. मादी एका वेळी एकच अंडं घालते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांजरं हटवली, १९९०पासून देशी झाडं, कृत्रिम घरटी, पूरक अन्न असं काम सुरू झालं आणि संख्या वाढू लागली.

आणि १९९५मध्ये बेटावर तपकिरी उंदीर पोहोचले.

फ्रेगेट खासगी मालकीचं, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. पण उंदीर शंभर टक्के संपवावे लागतात. एक गाभण मादी उरली तरी सगळी मेहनत वाया. म्हणून २०००मध्ये हेलिकॉप्टरने बेटभर विषारी आमिष टाकलं. हे विष रक्त गोठू देत नाही, पण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. लगेच त्रास झाला असता तर चलाख उंदरांनी ते पुन्हा तोंडात घेतलं नसतं. हेच विष किड्यांमधून दयाळांपर्यंत गेलं असतं, म्हणून पक्षी आधीच पकडून पिंजऱ्यांत सांभाळले. फक्त फ्रेगेटवरच आढळणारा, उडता न येणारा एक मोठा भुंगेराही उंदरांच्या तावडीत सापडला होता. खबरदारी म्हणून तो आधीच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वाढवायला घेतला होता. इतकी काळजी घेतलेली पाहिली की मन भरून येतं.

फ्रेगेट उंदीरमुक्त झालं. डेनिस या दुसऱ्या खासगी बेटावर मात्र उंदीर पुन्हा दिसले आणि २००२मध्ये मोहीम नव्याने करावी लागली. २००८मध्ये तिथेही दयाळ सोडले. त्याआधीच, २००५मध्ये, ही जात ‘अतिसंकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ यादीत आली होती.